दोन गुडघे, दोन नावं

माझा उजवा गुडघा नवा आहे आणि डावा त्याच्याहून पाच महिन्यांनी नवा. मधले पाच महिने मी एक नवा आणि एक जुना असे दोन गुडघे घेऊन प्रतापनगरच्या हाउसिंग बोर्डाच्या फ्लॅटमध्ये, दुसऱ्या मजल्यावर अडकून पडले होते. आमच्या बिल्डिंगला लिफ्ट नाही. खाली भाजीवाला भैया हाक द्यायचा, मी वरून दोरीला बांधलेली टोपली सोडायची, आणि तो तिच्यात जून भेंडी भरून वर पाठवायचा. गॅलरीतून ओरडून भाव करता येतो, पण भेंडीचं टोक मोडून बघता येत नाही. भैयाला हे पुरतं कळलं होतं. आधीच्या दारांत नाकारली गेलेली सगळी भेंडी तो माझ्यासाठीच राखून ठेवत असावा.

दुसरा गुडघा लगेच करायचा असं आधीच ठरलं होतं. तो लांबला त्याला कारण माझं तोंड. पण ते मागाहून सांगते.

आमचे हे सरकारी विमा कंपनीत होते. सांगलीहून निघून बदल्या होत होत आम्ही जयपूरला आलो, मुलीची शाळा इथं झाली, आणि निवृत्त झाल्यावर इथंच राहिलो. नोकरीतली शेवटची बरीच वर्षं ह्यांनी क्लेम विभागात काढली. म्हणजे लोकांनी दवाखान्याची बिलं पाठवायची आणि त्यात कुठला कागद कमी आहे ते ह्यांनी शोधायचं. ही सवय निवृत्तीनंतर जाईल असं मला वाटलं होतं. गेली नाही. वाण्याचं बिल आलं तरी हे चष्मा कपाळावर चढवून त्याच्यावर शिक्का आहे का ते बघतात.

त्यामुळे माझ्या गुडघ्यांचं ठरलं तेव्हा घरात कागदांचा उत्सवच सुरू झाला. पॉलिसी ह्यांच्याच कंपनीची होती. ह्यांनी मला समोर बसवून समजावून सांगितलं. कंपनीच्या यादीतला दवाखाना असला तर दवाखाना आणि कंपनी आपसात बघून घेतात, आपण फक्त कार्ड दाखवायचं. यादीत नसला तर आधी आपण सगळं भरायचं, मग बिलं जोडून परत मागायचं. आणि ज्या डॉक्टरवर माझा जीव बसला होता, म्हणजे ज्यानं माझा एक्स-रे बघून "माताजी, आप चलकर कैसे आ गईं?" असं कौतुकानं विचारलं होतं, त्याचा दवाखाना यादीत नव्हता.

मी म्हटलं, "मग दुसरा बघू."

हे म्हणाले, "गुडघा तुझा आहे. डॉक्टर तू निवड, कागद मी बघतो. कागद पक्के असले की पैसा कुठं जात नाही."

बेचाळीस वर्षांच्या संसारात ह्यांनी प्रेमाचं जे काही बोलून दाखवलं असेल, त्यात हे वाक्य फार वरचं आहे. बँकेतली ठेव मोडली. पहिल्या गुडघ्याचे पैसे कंपनीकडून परत आले की त्यातूनच दुसरा करायचा, असा हिशेब होता. दुसरा गुडघा असा पहिल्याच्या पोटात होता.

खोलीवरून आमचं एक भांडण झालं. मला एकटीची, खिडकीवाली खोली हवी होती. हे म्हणाले, आपल्या पॉलिसीत दोन खाटांची खोली बसते. त्याहून वरची घेतली तर कंपनी नुसतं खोलीचं भाडं कापत नाही, त्याच प्रमाणात डॉक्टरची फी, ऑपरेशन थिएटर, सगळंच कापते. मी म्हटलं, हा कुठला न्याय? खिडकी मी बघणार, डॉक्टरनं थोडीच बघायचीय? "नियम आहे," हे म्हणाले. दोन खाटांच्या खोलीत गेले आणि शेजारच्या खाटेवर झोटवाड्याची एक बाई निघाली, तिच्या घरून रोज बाजरीची रोटी आणि लसणाची चटणी यायची. मी खिडकीचं नाव पुन्हा काढलं नाही.

आता माझ्या तोंडाचं सांगते.

पहिल्यांदा डॉक्टरला दाखवायला गेलो तेव्हा मला दारात उतरवून हे गाडी लावायला गेले. मी लंगडत काउंटरवर पोचले. तिथल्या मुलीनं कॉम्प्युटरवरून मान वर न करता विचारलं, "माताजी, नाम?"

मी नाव सांगितलं. पुढं ह्यांचं नाव आणि आडनावही सांगितलं. तिनं ते टाइप केलं, एक नंबर काढून दिला, आणि मी खुर्चीत जाऊन बसले. बसल्यावर मला कळलं की पहिलं नाव मी माहेरचं सांगितलं.

आमच्यात लग्नात मुलीचं नाव बदलायची पद्धत होती. नवरा ताटात तांदूळ पसरून अंगठीनं नवं नाव लिहितो, ते सगळ्यांना वाचून दाखवतात, पेढे वाटतात आणि तिथून पुढं जुनं नाव संपतं. माझं माहेरचं नाव एका नदीचं होतं. तांदळात आलं ते एका फुलाचं. पुढं रेशनकार्ड, बँक, आधार, पॉलिसी, सगळीकडे फूल. मग त्या दिवशी नदी कुठून आली? मी खूप विचार केला. त्याच्या आधी मी दवाखान्यात भरती झाले होते ते एकदाच, मिरजेला, मुलीच्या वेळी. पहिलं बाळंतपण माहेरी. केस पेपर काढायला बरोबर आई होती आणि तिनं तिच्या तोंडातलं नाव सांगितलं. दवाखाना, भीती, आणि काउंटरवरचा प्रश्न, हे तिन्ही पुन्हा एकत्र आले आणि माझ्या तोंडातून आईच बोलली असणार.

तेव्हाच उठून सांगायला हवं होतं. गुडघा दुखत होता, उठले नाही. भरतीच्या दिवशी त्यांनी आधार कार्डाची झेरॉक्स घेतली आणि फाइलला टाचली, पण नंबर टाकला की पहिलीच नोंद वर यायची. मनगटावर पट्टी बांधली तिच्यावर नदीचं नाव. ऑपरेशन झाल्यावर सिस्टरनं ते नाव घेऊन त्याला जी जोडून हाक मारली आणि मी म्हणे एका हाकेत "ओ" दिली. "इतनी जल्दी तो कोई नहीं उठता," सिस्टर म्हणाली.

दुसऱ्या दिवशी आमची मुलगी राजापार्कहून सूप घेऊन आली. तिनं माझ्या मनगटावरची पट्टी वाचली आणि तिच्या तोंडचं पाणी पळालं. "आई, हा बँड दुसऱ्या कुणाचा आहे! मतलब, त्यांनी ऑपरेशन बरोबर माणसाचं केलंय ना?"

"माझाच आहे."

"पण ही कोण?"

चाळिशीच्या मुलीला आईचं नाव सांगायची वेळ आली. तिचाही काही दोष नाही. आजोळी तिनं ते कधी ऐकलंच नव्हतं. माझे आई-वडील ती लहान असतानाच गेले. दोघं भाऊ मला अक्का म्हणतात. त्या नावानं हाक मारणारं माणूस जगात उरलं नव्हतं. आणि इथं पाच दिवस दर चार तासांनी कुणीतरी पडदा सारून मला त्या नावानं हाक मारत होतं, रक्तदाब बघत होतं, चहा विचारत होतं. मला फार बरं वाटत होतं, खरंच सांगते. मुलगी म्हणाली, "पापांना सांगू?" मी म्हटलं, "नको. चार दिवसांची तर गोष्ट."

विमा कंपनीतल्या माणसाच्या बायकोनं असं म्हणावं!

आणि ह्यांचं बघा. घरी आल्यावर ह्यांनी जेवणाच्या टेबलावर फाइल लावली. डिस्चार्ज समरी, शेवटचं बिल, त्याची एकेक बाब फोडून दाखवणारा कागद, पैसे भरल्याच्या पावत्या, डॉक्टरची चिठ्ठी आणि त्या चिठ्ठीखाली तिचंच औषधाचं बिल, ऑपरेशनआधीचा आणि नंतरचा एक्स-रे, रद्द केलेला चेक. गुडघ्यात जो सांधा बसवतात त्याच्या खोक्यावरचा स्टिकरसुद्धा. त्याला हे गुडघ्याची जन्मपत्रिका म्हणायचे. क्लेमच्या फॉर्मचा आपला भाग ह्यांनी सुवाच्य अक्षरात भरला, दवाखान्याचा भाग दवाखान्याकडून भरून घेतला. सगळ्या बेरजा दोनदा केल्या. एका पावतीवर शिक्का अर्धवट उमटला होता, तेवढ्यासाठी टोंक रोडपर्यंत परत गेले. फक्त पेशंटचं नाव वाचलं नाही. पेशंट कोण ते ह्यांना माहीतच होतं.

तीन आठवड्यांनी कंपनीचं पत्र आलं. मी पोहे परतत होते. हे पत्र वाचत स्वयंपाकघरात आले आणि तसेच उभे राहिले. विमा ज्या बाईचा आहे आणि ऑपरेशन जिचं झालं आहे, त्या दोघींची नावं वेगळी दिसतात, तरी रुग्णाचं विमाधारकाशी नातं काय ते पुराव्यासह कळवावं, नाहीतर क्लेम मंजूर करता येणार नाही, असं त्यात होतं.

आडनाव तेच, मधलं नावही ह्यांचंच. पहिलंच तेवढं वेगळं. म्हणजे कंपनीच्या हिशेबी आमच्या ह्यांना दोन बायका होत्या आणि ह्यांनी एकीच्या पॉलिसीवर दुसरीचा गुडघा उरकून घेतला होता.

मी हसायला लागले. ह्यांना हसू आलं नाही. खुर्चीत बसून म्हणाले, "असले क्लेम मी स्वतः नामंजूर केलेत. मेव्हणीचं ऑपरेशन बायकोच्या नावावर. ओळीनं बघितलेत. सगळे असंच सांगतात, दोन्ही नावं एकीचीच आहेत म्हणून." पत्राखालची सही ह्यांनीच शिकवलेल्या एका बाईंची होती. ह्यांच्या हाताखाली त्या नव्या म्हणून लागल्या, तेव्हा नाव जुळल्याशिवाय पान उलटायचं नाही, हा पहिला धडा ह्यांनीच दिलेला.

मग मात्र माझंही हसू गेलं. क्लेम बुडाला तर ठेव बुडाली आणि डावा गुडघाही गेला. आयुष्यभर टोपलीच सोडायची. त्याहून वाईट म्हणजे त्या माणसाचं नाव, स्वतःच्या ऑफिसात, लबाडी करणाऱ्यांच्या यादीत जाणार होतं. मी त्याच दिवशी सगळं कबूल केलं. काउंटरवरच्या चुकीचं, पट्टीचं, आणि कळूनही गप्प बसले त्याचं. मला वाटलं, चिडतील. ह्यांनी विचारलं, "गप्प का बसलीस?"

"आवडलं म्हणून."

ह्यांनी पोहे थंडच खाल्ले.

पुढं शोधाशोध सुरू झाली. शाळेचा दाखला सापडेना. लग्न नोंदवलेलं नव्हतं. लग्नपत्रिकेवर माहेरचंच नाव, त्यामुळे ती सासरच्या नावाबद्दल काहीच सांगेना. शेवटी पत्र्याच्या ट्रंकेत, मुलीच्या झबल्याखाली, मिरजेचा केस पेपर मिळाला. आईनं जपून ठेवलेला, घडीवर फाटलेला. त्यावर नदीचं नाव, पुढं ह्यांचं नाव, आडनाव, आणि मुलगी झाली त्याची तारीख. तीच तारीख मुलीच्या दहावीच्या सर्टिफिकेटवर होती, आणि तिथं आईचं नाव फुलाचं. ह्यांनी केस पेपर उजेडात धरून दोनदा वाचला. "शिक्का आहे," म्हणाले, आणि पत्र आल्यापासून पहिल्यांदा त्यांचा चेहरा उजळला.

केस पेपरला जोडायला प्रतिज्ञापत्र हवं होतं. त्यासाठी कलेक्टरेटला गेलो. जिना उतरायला मला पाव तास लागला, भैयानं खालून टाळ्या वाजवल्या. कलेक्टरेटच्या आवारात पत्र्याखाली टाइप करणारे ओळीनं बसतात. त्यातल्या एकानं स्टॅम्पपेपर लावला, दोन्ही नावं विचारून घेतली, आणि मग बोटं थांबवून म्हणाला, "अम्माजी, इनमें असली कौन-सा है?"

साधा प्रश्न. त्याला फक्त कुठलं नाव आधी टाइप करायचं ते हवं होतं. पण हे माझ्याकडे बघायला लागले आणि मी त्या मशिनकडे. फुलाचं नाव खोटं कसं म्हणू? बेचाळीस वर्षं त्या नावानं मी सह्या केल्या, पत्रं आली, हळदीकुंकवाला बोलावणी आली. शेवटी मी म्हटलं, "लिखो भैया, पहला मेरे माँ-बाप ने रखा, दूसरा इन्होंने." त्यानं मान हलवली आणि दोन्ही नावं एकाच बाईची आहेत, असं कायद्याच्या लांबलचक हिंदीत खडखडवून दिलं.

परत येताना ऑटोत सांगानेरचा फाटा गेल्यावर हे म्हणाले, "ते नाव मी नव्हतं ठेवलं. आईनं हातात चिठ्ठी दिली होती. मी नुसतं गिरवलं."

"तेव्हापासूनच तुम्ही दुसऱ्यांचे फॉर्म भरताय म्हणा."

"तुला कुणी विचारलं नव्हतं?"

"तेव्हा कोण विचारत होतं?"

"मी विचारायला हवं होतं," हे म्हणाले. ऑटोवाल्यानं तेवढ्यात खड्ड्यात चाक घातलं आणि माझ्या गुडघ्यानं असा आवाज काढला की विषय तिथंच राहिला. पण ते वाक्य मी ऐकलं होतं. बेचाळीस वर्षांनी का होईना, ऐकलं. मला रडू आलं आणि मी ते गुडघ्याच्या नावावर खपवलं.

कागद द्यायला हे स्वतः ऑफिसात गेले. त्या बाई उठून उभ्या राहिल्या म्हणे, चहा मागवला, आणि म्हणाल्या, "सर, आपने ही तो सिखाया था." हे घरी आले ते रागावलेले की खूश झालेले, ते मला संध्याकाळपर्यंत कळेना. रात्री जेवताना म्हणाले, "चांगली तयार झालीय मुलगी," तेव्हा कळलं.

होळीच्या आसपास पैसे खात्यात आले. हातमोजे, कापूस, डोक्याच्या टोप्या, असल्या वस्तू कापून. त्या पॉलिसीत बसत नाहीत हे ह्यांनी मला आधीच सांगितलं होतं, तरी "हातमोज्याशिवाय ऑपरेशन करून दाखवा" असं कंपनीला लिहा म्हणून मी दोन दिवस मागे लागले. ह्यांनी लिहिलं नाही.

एप्रिलमध्ये दुसऱ्या गुडघ्यासाठी गेलो. ह्या खेपेला हे गाडी लावायला आधी गेले नाहीत. मला धरून काउंटरपर्यंत आले, जुनी नोंद दुरुस्त करून घेतली, आधार कार्ड समोर ठेवून एकेक अक्षर तपासलं. भरतीच्या दिवशी मनगटावर पट्टी बांधली ती फुलाच्या नावाची. फाइल उघडून ह्यांनी पहिल्या पानावरचं नाव बोट ठेवून वाचलं, मग पान उलटलं. मी बघत होते. चुकले होते मीच, तेव्हा तक्रार कशाची करणार?

ऑपरेशननंतरचं मला सिस्टरनं सांगितलं. गुंगी उतरायची वेळ झाली तरी मी डोळे उघडेना. नाडी ठीक, सगळं ठीक, पण हाकेला उत्तर नाही. ती फुलाच्या नावाला जी जोडून हाका मारत राहिली, गालावर थोपटलं, डॉक्टरही येऊन हाक मारून गेले. मग घरच्यांपैकी कुणी आहे का म्हणून ह्यांना आत घेतलं. हे डोक्यावर ती कापडी टोपी घालून आले आणि सिस्टरला म्हणाले, "इस नाम से नहीं उठेगी."

तिथून पुढचं मला स्वतःला आठवतं. कुणीतरी मला नदीच्या नावानं हाक मारली. आवाज पुरुषाचा, अवघडलेला, घासात खडा लागल्यासारखा. मला वाटलं, मी ओसरीवर झोपलेय आणि घरात काहीतरी काम निघालंय. मी म्हटलं, "ओ, आले."

डोळे उघडले तर समोर हे. बेचाळीस वर्षं मला फक्त "अगं" म्हणणारा माणूस, टोपी वाकडी, काखेत फाइल. इकडंतिकडं बघून माझ्या कानाशी वाकले आणि हळूच म्हणाले, "फाइलमध्ये मात्र दुसरंच आहे हं. इथं कुणाला बोलू नकोस."

मी पुन्हा डोळे मिटून घेतले.

"अगं, झोपलीस का परत?"

मी अगदी जागी होते. पण तशीच पडून राहिले, आणि ह्यांनी दुसऱ्यांदा हाक मारली.